साहेबाच्या अक्षरातल्या फटी

निघालो त्या दिवशी माझ्या हातात बॅग नव्हती, ब्रश होता. जेटीवर नवी बोट उभी होती, तिच्या पुढच्या टोकाला ‘अल रहेमत’ लिहायचं होतं, आणि मालकाला ती शुक्रवारीच पाण्यात हवी होती. वर रस्त्यावर जीप येऊन हॉर्न मारायला लागली तेव्हा ‘रहेमत’चा ‘त’ बाकी होता. अब्बांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, “जा तू. एका अक्षरासाठी विमान थांबायचा नाय.” मिठी मारताना त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरून धरले, माझ्या नव्या शर्टाला हिरवा रंग लागू नये म्हणून. त्यामुळे ती मिठी नुसती छातीला छाती लावून झाली. मा जीपपाशी उभी होती. तिनं तिचं ठरलेलं वाक्य म्हटलं, “पोचल्यावर आधी जेव, मंग फोन कर.” मी उलटंच केलं. सौदीत जिझानला उतरल्यावर आधी फोन केला आणि तो ठेवल्यावर बराच वेळ जेवणावर वासना गेली नाही.

याला नऊ वर्षं झाली. तुम्ही गावात राहिलात, काही जण माझ्यासारखे कुवेतला, दमामला, दुबईला गेलात. पण गावच्या ग्रुपवर सगळेच मला ‘चायनावाला पेंटर’ म्हणता. त्या चिनी पाटीचा फोटो मीच टाकला होता आणि शाबासक्याही मीच घेतल्या. ती गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी आज लिहितो. ती शेन नावाच्या माणसाची आहे, आणि ती न सांगता पुढच्या महिन्यात सुट्टीवर यायला मला तोंड नाही.

आधी आपल्याकडचं थोडं. गावात ब्रशला काय मान होता ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. निवडणूक आली की उमेदवार कोण हे तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या आधी अब्बांना कळायचं, कारण भिंत आधी अडवावी लागते. दोन्ही पक्ष त्यांच्याकडेच यायचे. पुढच्या भिंतीवर एकाचं नाव, मागच्या भिंतीवर दुसऱ्याचं, आणि कुणाचं नाव चार बोटं मोठं झालं यावरून चहाच्या टपरीवर गट पडायचे. एकदा एका पुढाऱ्यानं घोषणा स्वतःच्या हातानं लिहून पाठवली, तिच्यात दोन शब्द चुकले होते. अब्बांनी भिंतीवर ते गुपचूप दुरुस्त केले. पुढाऱ्याला कधी कळलंही नाही. अब्बा म्हणाले होते, “मोठ्या मानसाची चूक आपन झाकायची. त्याचा मान पन राहतो, आपला पन राहतो.” आणि दुसरी शिकवण तर रोजची होती. “अक्षरात फट ठेवू नको. फट दिसली का लोका बोलतान, पेंटरान रंग चोरला.”

मग फ्लेक्स आलं. तालुक्याला मशीन बसलं आणि वर्षभरात आमचे ब्रश डब्यात वाळायला लागले. भिंतीवर अक्षरं लिहिणारा माणूस लग्नाच्या मांडवाचे खांब रंगवायला लागला. मी पेंटरच्या व्हिसावर इकडे आलो तो त्याच कारणानं. तुम्हाला वाटलं असेल पैसा. तोही होताच, पण खरं सांगायचं तर आपल्या हाताचं कुणाला काही काम उरलं नाही हे बघत गावात राहणं मला जमेना.

इथंही पेंटर म्हणजे स्प्रे गन. कफीलनं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्या अरब मालकानं, आम्हा वीस जणांना एका चिनी कंपनीच्या कामावर लावलं होतं, रिफायनरीच्या बाजूला. पाइपला राखाडी, हायड्रंटला लाल, टाकीवर स्टेन्सिल लावून नंबर. जिझानचा दमटपणा आपल्यासारखाच, अंगाला चिकटणारा. बाजारात म्हातारे अरब डोक्याला मोगऱ्याचे गजरे बांधून खुर्चीवर बसतात, तो वास आला की मला मोगऱ्याचा वास लागलेल्या माच्या शुक्रवारच्या साडीची आठवण होते. पहिले सहा महिने मी त्या गल्लीतून जाणं टाळायचो.

चिनी कँप आमच्या शेजारीच होता. फाटकापासून कँटीनपर्यंत लाल कापडं ताणलेली आणि त्यांवर पिवळी अक्षरं, सेफ्टीची, क्वालिटीची, पक्षाची, कसली कसली. सकाळी त्यांची माणसं रांगेत उभी राहून त्यातलं एखादं वाक्य मोठ्यानं म्हणायची. आमचे लोक हसायचे. मला हसू येत नसे. एवढी अक्षरं एका जागी मी निवडणुकीनंतर पहिल्यांदाच बघत होतो.

शेन मला भेटला तो कँटीनच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर. कागदपत्रांच्या सेक्शनमधला साठीचा क्लार्क, बारीक, पाठ थोडी वाकलेली. असरच्या नमाजनंतर, ऊन उतरलं की तो बादलीत पाणी घेऊन यायचा. इलेक्ट्रिकच्या पाइपच्या तुकड्याला पॅकिंगचा स्पंज कापून बांधलेला, तोच त्याचा कुंचला. त्यानं तो उभा राहून सिमेंटवर लिहायचा, नुसत्या पाण्यानं. हातभर मोठं अक्षर. दुसरं लिहून होईतो पहिलं वाळून गेलेलं असायचं. दिवसभर तापलेलं सिमेंट ते, मिनिटभराचीही गय करत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बादलीत पाणी भरून देत होतो.

आमची भाषा म्हणजे फोनमधलं भाषांतर, तो चिनीत बोलायचा, फोन हिंदीत. वर दोघांना येणारं ‘खलास’, ‘यल्ला’ आणि ‘अच्छा’. मी पेंटरचा मुलगा हे कळल्यावर तो खुलला. त्यानं सांगितलं, त्यांच्याकडे माणसाचं अक्षर म्हणजे माणूसच. नोकरीत, लग्नात, मैत्रीत अक्षर बघतात. आणि जो सगळ्यांत वर बसतो त्याचं अक्षर दारावर जातं. शाळेचं नाव, बँकेचं नाव, पुलाचं नाव मोठ्या साहेबाकडून कुंचल्यानं लिहून आणतात आणि ती पाटी लावली की सगळ्यांना समजतं, हे ठिकाण कुणाच्या छत्राखाली आहे. साहेब पडला की एका रात्रीत पाटी उतरते. मी म्हटलं, आमच्याकडे भिंतीला चुना मारतात. तो इतका हसला की बसलाच खाली.

एकदा मात्र हसला नाही. त्याच्या लहानपणी त्यांच्याकडे असा काळ होता की माणसाला गुन्हेगार ठरवायचं तर मोठ्या अक्षरांचे कागद भिंतीवर चिकटवायचे. त्याचे वडील शाळामास्तर. एका सकाळी त्यांच्याविरुद्धचा कागद शाळेच्या भिंतीवर लागला. सही नव्हती. वडिलांनी तो उभं राहून पूर्ण वाचला आणि घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाले, की लिहिणाऱ्याचं अक्षर सुंदर आहे. त्यांनीच शिकवलेला मुलगा होता. ते ओळखायला सहीची गरज पडली नाही. शेननं हे सांगितलं आणि पाण्यानं एक रेघ ओढली, लांब, शेवटी विरळ होत गेलेली. मी विचारलं, मग त्या मुलाचं काय झालं? तो म्हणाला, “माझ्या वडिलांनी कधी त्याचं नाव सांगितलं नाही.”

आता पाटीची गोष्ट.

त्या हिवाळ्यात कंपनीचा सर्वांत मोठा साहेब चीनहून येणार होता. नव्या ऑफिसच्या फाटकावर त्याच्या हातची चार अक्षरं लावायची होती. कागद आला, टेबलाएवढा. युसूफ नावाचा एक चिनी मुसलमान तिथं अरबीचा दुभाषा होता, त्यानं अर्थ सांगितला. एकाच होडीत बसलेल्यांनी एकमेकांना सांभाळून नदी पार करावी, असं काहीतरी. मशीनवर कापलेलं स्टिकर मागवलं होतं, ते पत्र्यावर लावलं तर दोन दिवसांत उन्हानं कडा उचलल्या. मॅनेजर घामाघूम. तेव्हा शेन म्हणाला, आपल्या कामावर एक हिंदी माणूस आहे, त्याचा हात चालतो. माझ्यासाठी त्यानं शब्द टाकला. आणि पेपरांच्या कामाला दोन दिवस रियाधच्या हेड ऑफिसला निघून गेला. जाताना त्यानं फोनवर मला दाखवलं, “जसं आहे तसं.”

जसं आहे तसं! मला काय आनंद झाला होता, तुम्हाला सांगू? इकडे आल्यापासून पहिल्यांदा मला कुणी अक्षर लिहायला सांगत होतं. मी कागदावर चौकड्या मारल्या, पत्र्यावर मोठ्या चौकड्या मारल्या, आणि पहिल्या दिवशी चारही अक्षरांची बाह्यरेषा अशी उतरवली की युसूफ म्हणाला, माशाल्ला, तू चिनीच आहेस. भरायला घेतलं दुसऱ्या दिवशी. तेव्हा बघतो तर साहेबाच्या फटकाऱ्यांत फटी. रेघेच्या शेवटी शाई संपलेली, मधून कागद दिसतोय, जसा जुना झाडू ओढावा. दोन अक्षरांत तर निम्मी रेघ अशीच. मी मनात म्हटलं, साहेबाची शाई संपली आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. मोठ्या माणसांचं सगळीकडे असंच. मग आपण कशाला आहोत? मी एकूण एक फट भरून काढली. दोन हात मारले एनॅमलचे, काळाभोर, तुकतुकीत. अब्बांनी बघितलं असतं तर माझ्या पाठीवर हात ठेवला असता.

यालाच आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

साहेब यायचा त्या सकाळी पाटी वर चढली आणि तासाभरानं शेन विमानतळावरून आला. फाटकाशी टॅक्सीतून उतरला, वर बघितलं, आणि तिथंच उभा राहिला. मी हसत पुढं गेलो होतो. त्यानं फोन काढला, बोलला आणि तो माझ्यापुढं धरला. तेव्हा मला कळलं. त्या फटींना त्यांच्याकडे नाव आहे, उडतं पांढरं. हात वेगानं गेला की कुंचल्याच्या कोरड्या केसांमधून कागद दिसतो, आणि जाणकार आधी तेच बघतात, कारण तिथं लिहिणाऱ्याचा श्वास दिसतो. ते साधायला माणसं तीस तीस वर्षं घालवतात. साहेबाला त्याच फटींचा अभिमान होता. कंपनीत वर दोन गट होते, पाटीचा फोटो चीनला जाणार होता, आणि तिकडे लोक म्हणणार होते की जिझानवाल्यांनी साहेबाच्या अक्षरावर काळं फासलं.

मी ब्लेडनं खरवडतो म्हणालो. वेळ कुठला? गाड्या आल्याच. साहेब उतरला, पाटीखाली उभा राहिला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग एक वाक्य बोलला आणि सगळे हसले, मॅनेजर सोडून. युसूफनं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, “माझी अक्षरं इकडे येऊन लठ्ठ झाली. जेवण चांगलं दिसतंय.”

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, युसूफ, आणि भिंतीशी शेन. मी हेल्मेट हातात घेऊन उभा. शेन आधीच काहीतरी बोलून मोकळा झाला होता. मॅनेजर ओरडत होता ते त्याच्यावर. मग मॅनेजरनं माझ्याकडे बोट केलं आणि युसूफनं इंग्लिशमध्ये विचारलं, “मिस्टर शेन सेज, ही टोल्ड यू टू फिल इट. इज इट ट्रू?”

शेन माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीबाहेर बघत होता. मला सगळं एकदम दिसलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द, पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का, जीपमधून गावात उतरणारा मी, आणि फाटकाशी अब्बा.

मी म्हटलं, “यस सर.”

एवढंच. दोन शब्द. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मी म्हणू शकलो असतो, नाही, ही माझी अक्कल. मला कदाचित ठेवलं असतं, कदाचित काढलं असतं. पण मी हो म्हणालो, आणि शेननं मान किंचित हलवली, जशी तो मी बादली आणून ठेवल्यावर हलवायचा.

ते किती मोठं होतं हे मला लगेच समजलंही नाही. मला वाटलं, म्हातारा आहे, त्याला ओरडा खाऊन सोडून देतील. युसूफनं मशिदीच्या पायऱ्यांवर मला समजावलं. शेनच्या जिल्ह्यात त्याचं अक्षर नावाजलेलं होतं. नव्या वर्षाला लोक दारावर लावायचे लाल कागद त्याच्याकडून लिहून नेत. अशा माणसानं चारचौघांत सांगायचं की फटी भरायला मीच सांगितल्या, म्हणजे अक्षरातलं मला काही कळत नाही असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. युसूफ म्हणाला, “नोकरी गेली तर दुसरी मिळते, दोस्ता. त्यानं काय दिलं ते तुला कळलं नाही.”

दोन आठवड्यांत त्याला परत पाठवायचं ठरलं. रिटायर व्हायला वर्षच बाकी होतं त्याचं. जायच्या आदल्या दिवशी असरनंतर मी पट्टीवर गेलो. वाटलं होतं तो नसेल. तो होता, बादलीही होती. मी फोनवर हिंदीत म्हटलं, माझी चूक झाली, दोनदा झाली, मला माफ करा. फोन चिनीत बोलला. शेननं तो माझ्या हातातून घेतला, स्क्रीनवरचा घाम शर्टाला पुसला आणि परत दिला. मग त्यानं तो स्पंजाचा कुंचला माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरून रेघ ओढायला लावली. सावकाश सुरुवात, मग एकदम वेग. रेघ शेवटी विरळ झाली, मधून सिमेंट दिसलं. पुन्हा. पुन्हा. आठदहा वेळा झाल्यावर “अच्छा” म्हणाला. मी विचारलं, तुम्ही का केलंत असं? त्यानं फोनमध्ये थोडकंच सांगितलं. “मी तुला दाखवून जायला हवं होतं. शिकवलं नाही, आणि काम दिलं.” मग म्हणाला, “खलास,” आणि उरलेलं पाणी कँटीनच्या कडेच्या झाडाला घातलं.

त्याच संध्याकाळी मी पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला होता. हे मला आजही समजत नाही. बहुतेक कुणाकडून तरी शाबास ऐकायचं होतं. तुम्ही हात जोडलेले, अंगठे, फुलं, सगळं पाठवलंत. अब्बांनी बोटांनी फोटो मोठा करून बघितला आणि व्हॉइस मेसेज पाठवला, “एक पन फट नाय. माझा पोर!” तो मेसेज मी एकदाच ऐकला. अजून पुसलेला नाही, पुन्हा ऐकलेलाही नाही.

पुढचं ऐका. आठ महिन्यांनी तो मोठा साहेब तिकडे बाजूला पडला. दुसरा आला, त्याची अक्षरं आली, मशीननं कापलेल्या स्टीलची. माझी पाटी फोर्कलिफ्टनं उतरवली आणि भंगाराच्या कुंपणाला पत्रा म्हणून लावली, अक्षरं आतल्या बाजूला. मॅनेजरची बदली झाली. युसूफ जेद्दाला गेला. जाताना त्याच्याकडून मी शेनचा नंबर घेतला होता, तो लागत नाही. आणि गेल्या रमजानमध्ये जेव्हा मी धीर करून ऑफिसात गेलो आणि नव्या मॅनेजरला म्हटलं, साहेब, त्या पाटीबद्दल मला एक खरं सांगायचंय, तेव्हा त्यानं विचारलं, “विच बोर्ड?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या खोट्याला इथं आता कुणी मालकच उरलेला नाही. ज्यांच्यापुढं बोललो ते गेले, ज्याच्या पाटीवरून बोललो तो पडला, ज्याला झळ बसली त्याचा फोन लागत नाही. कँपमध्ये दर वर्षी माणसं बदलतात. इथं माणूस खोटं बोलला काय नि खरं बोलला काय, दोन्ही पाण्यानं लिहिल्यासारखं. ते खोटं जिवंत आहे फक्त आपल्या गावात. ओटीवर तो फोटो लॅमिनेट करून लावलाय, आल्यागेल्याला मा दाखवते, आणि मच्छीमार सोसायटीच्या नव्या इमारतीची पाटी ‘चायनावाल्या’नंच लिहायची असं तुम्ही ठरवलंत. नऊ वर्षं मला कुणी विचारलं की घर कुठं, तर मी आमराई, जेटी, माच्या हातचं सांदण असलं काहीबाही सांगायचो. आज विचाराल तर सांगेन, माझ्या तोंडचा शब्द अजून जिथं धरून ठेवलाय ते घर. म्हणून खरंही तिथंच सांगायचं.

सोसायटीची पाटी माझ्याकडून लिहून घ्यायची की नाही ते तुम्ही आता पुन्हा ठरवा. नाही म्हणालात तरी मी येणार आहे.

आणि अब्बा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, तुमचे डोळे आता साथ देत नाहीत. फोटो काढू नका. कुणी विचारलं ही अक्षरं कुणी रंगवली, तर माझं नाव सांगा. पण त्यांना तिथंच उठू देऊ नका. बसवून घ्या आणि शेनचं सांगा.